गौतमपुऱ्याचे हिंगोट आणि शाळेतला बटाटा

२०२५च्या दिवाळीत आम्हांला गौतमपुऱ्यास जाण्याचा योग आला. इंदूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी माणसाची उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर, मांडव ही ठिकाणे पाहून झालेलीच असतात; घरी पाहुणे आले की तो तीच त्यांना दाखवतो. परंतु आपल्याच जिल्ह्यात, अवघ्या ५५ किलोमीटरांच्या अंतरावर असलेल्या या गावी वयाची पन्नाशी उलटेपर्यंत आमचे पाऊल पडले नव्हते, हे कबूल करताना थोडा संकोच वाटतो. आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षकांचे आजोळ त्या बाजूचे. ‘‘सर, एकदा हिंगोट पाहाच,’’ असा त्यांचा कित्येक वर्षांचा आग्रह होता. तो या वेळी मोडवेना, आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण आटोपून आम्ही दोघे निघालो.

शहर मागे पडले, हातोद आले, आणि माळव्याची काळीभोर जमीन दोन्ही बाजूंना पसरली. सोयाबीन निघून गेले होते. कुठे गव्हाची तयारी चालली होती, तर कुठे बटाट्याच्या लागवडीसाठी सऱ्या पाडलेल्या दिसत होत्या. माळव्याच्या बटाट्यात साखर कमी असते. तळला तरी तो काळवंडत नाही. म्हणून वेफरवाल्यांची त्याला मोठी मागणी. इंदूरच्या सराफ्यात रात्री उभ्या राहणाऱ्या खवय्यांना या सऱ्यांचे ऋण ठाऊक नसते. त्या दिवशी बटाट्याकडे आम्हीही केवळ खवय्याच्याच नजरेने पाहिले. पुढल्या महिनाभरात हाच बटाटा आम्हांला निराळा धडा देणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती. देपालपूर ओलांडून दिवस कलण्याच्या सुमारास आम्ही गौतमपुऱ्यास पोहोचलो.

हिंगोट म्हणजे आपले हिंगणबेट. काटेरी झाड, लिंबाएवढे फळ आणि त्याचे कवच नारळाच्या करवंटीसारखे टणक. संस्कृतातील इंगुदी ती हीच, असे सामान्यतः मानले जाते. कालिदासाच्या शकुंतलेने दर्भाने मुख फाटलेल्या हरणाच्या पाडसाच्या जखमेवर इंगुदीचेच तेल लावले होते. ज्या फळाने कण्वाश्रमात जखम भरून काढली, तेच फळ याच माळव्यात दर दिवाळीला जखमा करते, हा योगायोग मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या मनात रुतून बसला तर नवल नाही.

दिवाळीच्या बऱ्याच आधीपासून ही फळे जमवतात, वाळवतात, आतला गर कोरून काढतात आणि पोकळीत दारू ठासून भरतात. एक तोंड मातीने बंद होते, दुसऱ्या तोंडाशी वात येते. नेम सरळ जावा म्हणून बांबूची बारीक काडी बांधतात. अशा हिंगोटांची झोळी खांद्यावर, एका हातात ढाल आणि दुसऱ्या हातात पेटते लाकूड, असा हा योद्धा. गौतमपुऱ्याचे ते ‘तुर्रा’, शेजारच्या रुणजीचे ते ‘कलंगी’. देवनारायणाच्या मंदिरात दर्शन घेऊन दोन्ही दळे मैदानात समोरासमोर उभी राहतात आणि सूर्य बुडताच अंधारातून पेटती फळे सूं सूं करीत इकडून तिकडे धावू लागतात.

दृश्य विलक्षण असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आकाशात अग्नीच्या रेघा उमटतात, लोक आरोळ्या देतात, आणि जाळीच्या मागे उभे राहूनही आपण नकळत मान खाली घालतो. या खेळात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. मोगलांच्या फौजा रोखण्यासाठी हे शस्त्र निघाले, असे गावकरी सांगतात. खेळ संपल्यावर प्रतिपक्षास आलिंगन देण्याचा प्रघात आहे. मैदानाकडेला रुग्णवाहिका मात्र आधीपासून उभ्या असतात आणि त्या रिकाम्या परतत नाहीत. २०१७ साली येथे एका तरुणाचा प्राण गेला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत पोहोचले. तरीही खेळ चालूच आहे.

परतताना आम्ही विज्ञानशिक्षकांना म्हणालो, ‘‘निदान येथे ज्याच्या हातात हिंगोट आहे, त्याने ते स्वतः कोरलेले तरी असते. कवच कुठे पातळ आहे, दारू किती बसली, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते.’’ आपण काहीतरी मोठे सत्य सांगितले, असे त्या क्षणी आम्हांला वाटले. हातोद येण्यापूर्वीच त्यांचा फोन वाजला. आमच्या शाळेतील नववीचा एक विद्यार्थी डोळ्याला इजा होऊन रुग्णालयात दाखल झाला होता. कार्बाइड गन!

वाचकांना आठवत असेल, त्या दिवाळीत मध्यप्रदेशात या खेळण्याने हाहाकार उडवला. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, विदिशा, सगळीकडून डोळे भाजलेली मुले रुग्णालयांत येऊ लागली. शंभराहून अधिक मुले जखमी झाली आणि त्यांतील काहींची दृष्टी गेली. प्लास्टिकच्या पाइपाचे नळकांडे, त्याला गॅस पेटवायचा लायटर, आत कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी. बाजारात दीडशे-दोनशे रुपयांना मिळणारी ही वस्तू मुळात शेतकऱ्यांची. पिकावरची माकडे आणि पाखरे हाकलण्यासाठी ते हिचा आवाज काढीत. कार्बाइड आणि पाणी एकत्र आले की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो. वेल्डिंगची ज्योत ज्याने लोखंड वितळवते, तोच हा वायू. ठिणगी पडूनही बार झाला नाही, तर मूल काय करते? नळीत डोकावते. त्याच क्षणी बार होतो. शिवाय पाइप फुटला तर त्याचे तुकडे शरीरात शिरतात आणि प्लास्टिक असल्यामुळे क्ष-किरणांच्या चित्रात ते धड दिसतही नाहीत. कार्बाइड हा शब्द तर आमच्या राज्यात १९८४च्या डिसेंबरातील त्या रात्रीपासून अंगावर काटा आणणारा. भोपाळचा तो विषारी वायू वेगळा होता, हे खरे. पण निदान त्या नावाने तरी आम्ही मोठ्यांनी सावध व्हायला हवे होते.

आता जे सांगावयाचे ते सांगणे कठीण आहे. सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी हाच मुलगा आमच्या खोलीच्या दाराशी आला होता. ‘‘सर, कार्बाइडमध्ये पाणी टाकले की नेमके काय होते?’’ असे त्याने विचारले होते. आमच्यासमोर परीक्षेचे तक्ते पसरलेले होते. ‘‘हे तुमच्या अभ्यासक्रमात आहे काय? नाही ना? मग जा,’’ असे म्हणून आम्ही त्याला वाटेला लावले. रुग्णालयात त्याच्या आईने आम्हांला बसायला स्टूल दिले, चहा मागवला. उजव्या डोळ्यावर पट्टी असलेल्या त्या मुलाने आमचा आवाज ओळखला. कुठून शिकलास, असे आम्ही विचारले, तेव्हा तो इतकेच म्हणाला, ‘‘सर, फोन में सब है.’’ त्यात तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बरे झाले असते.

शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच वर्गातील तीन मुले एक कागद घेऊन आली. आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. २०१६ साली केंद्र सरकारने अटल इनोव्हेशन मिशन सुरू केले आणि त्यातून देशभर अशा दहा हजारांवर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी त्यांत सुटे विद्युत्‌-भाग, हत्यारे आणि विशेष म्हणजे त्रिमितीय वस्तू छापणारे यंत्र असते, ज्याला सारेच थ्रीडी प्रिंटर म्हणतात. मुलांच्या कागदावर होती बटाटा उडवणारी तोफ. अमेरिकेत हा छंद फार वर्षांपासूनचा. नळाच्या पाइपांचे तुकडे जोडून, वायू पेटवून किंवा हवा दाबून, त्यातून बटाटा दूर फेकावयाचा. पूर्वी या छांदिष्टाला नळवाल्याच्या दुकानात मिळतील त्याच जोडांवर भागवावे लागे; बाकीचे कानशीने आणि करवतीने. आता झडप, मूठ, तोंडाचे टोपण, सारे संगणकावर रेखता येते. एकाने रेखलेली आकृती दुसऱ्या खंडातील मुलाला क्षणात मिळते, आणि त्याच्या घरचे किंवा शाळेचे यंत्र तीच वस्तू केसाचाही फरक न पडता उभी करते. आमची मुले म्हणत होती, ‘‘सर, यात कार्बाइड नाही, आग नाही. फक्त हवा. नळी छापू का?’’

आमचा पहिला विचार प्रयोगशाळेला कुलूप लावण्याचा होता. किल्ली खिशातच होती. पण दाराशी येऊन प्रश्न विचारणाऱ्या मुलाला परत पाठवल्याचे फळ आम्ही नुकतेच पाहिले होते. आम्ही कागद ठेवून घेतला आणि ‘‘उद्या सांगतो,’’ म्हणालो.

त्या रात्री आम्हांला आमचेच लहानपण आठवले. रामबागेतल्या आमच्या वाड्यात प्रत्येक मुलाजवळ बटाट्याची बंदूक असे. बॉलपेनची रिकामी रिफिल घ्यावी, आईची नजर चुकवून बटाट्याचा जाड काप पळवावा, रिफिलची दोन्ही टोके त्यात खुपसून दोन्हीकडे बटाट्याचे बूच बसवावे, आणि सायकलच्या आऱ्याच्या तुकड्याने मागचे बूच पुढे ढकलावे. फट्‌! पुढचे बूच उडे. आतील हवा कोंडली, तिचा दाब वाढला आणि तिने वाट काढली. बॉइलचा नियम आम्ही पुढे आठवीत शिकलो, पण तो त्या आधी बोटांना ठाऊक झाला होता. बस्तरात जगदलपूरला रथयात्रेच्या वेळी गोंचा पर्व असते. तेथे लोक बांबूच्या नळीत मालकांगोणीची हिरवी फळे घालून रथाला मानवंदना देतात. त्या नळीला ‘तुपकी’ म्हणतात. तिचेही तत्त्व हेच. आग नाही, दारू नाही. माणसाच्या हाताचे बळ तेवढे. हाताच्या बळाला मर्यादा असते, म्हणून त्या खेळातील इजेलाही मर्यादा असते.

आणखी एक आठवण झाली ती पाबळची. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शहरातील मोठ्या कंपनीतले संशोधन सोडून ते दुष्काळी गावात येऊन राहिले, कारण करता करताच शिकणे होते, यावर त्यांचा विश्वास होता. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी संगणकाच्या आज्ञेने वस्तू घडवणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा काढली. तिला फॅब लॅब म्हणतात. अमेरिकेबाहेरची अशी पहिली कार्यशाळा २००२ साली सुरू झाली, ती याच पाबळला! मराठी मुलुखातील एका खेड्यात हे यंत्र इतक्या आधी आले आणि तेथे ते शेतकऱ्याच्या गरजेच्या वस्तू घडवण्याच्या कामी लागले, हे आपल्या मुलांना सांगावयास हवे. मुद्दा यंत्राचा नव्हताच. यंत्राशेजारी कोण उभे असते, हा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना परवानगी दिली, पण एका अटीवर. नळी छापा, मात्र ती उडवण्यापूर्वी फोडून दाखवा.

यंत्र सकाळी सुरू झाले. मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून केलेल्या प्लास्टिकचा दोरा त्यात वितळतो, आणि जिलेबीचा कारागीर कढईवर हात फिरवतो तशी एक सुई फिरून थरावर थर चढवीत जाते. तिसऱ्या तासाला वीतभर नळी तयार झाली. काय तिचे देखणेपण! गुळगुळीत, आटे बिनचूक, झाकण पहिल्या फेऱ्यात बसले. हातात घेतल्यावर आम्हांलाही वाटले, ही कशाला फुटते?

विज्ञानशिक्षकांनी ओळखीच्या नळकारागिराला बोलावले होते. नवी नळजोडणी तपासण्यासाठी त्यांच्याजवळ पाण्याचा दाब देणारा हातपंप असतो. त्यांनी मुलांना आधी पाइपावरचे छापील आकडे वाचायला शिकवले. हा आकडा पाण्याचा, थंड पाण्याचा. हवेसाठी तो धरायचा नाही, आणि स्फोटासाठी तर मुळीच नाही. तपासणी पाण्यानेच का, हेही त्यांनी सांगितले. पाणी दाबले जात नाही, म्हणून भांडे फुटले तर ते नुसते गळते; हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी जोर साठवून ठेवते आणि भांडे फुटताच तुकडे उधळते. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या त्या गृहस्थांचा हा तास आमच्या शाळेत त्या वर्षी झालेल्या तासांत सर्वोत्तम होता, असे म्हणण्यास आम्हांस कमीपणा वाटत नाही.

नळीत पाणी भरले. झाकण लावले. मुले चष्मे लावून दाराबाहेर, खिडकीच्या काचेआड उभी राहिली. कारागिरांनी दांडा दोन वेळा दाबला, तीन वेळा दाबला. काट्याची सुई थोडी सरकली, आणि ‘टक्‌’ असा बारीक आवाज होऊन नळीच्या मध्यावर पाण्याची रेघ उमटली. एवढेच. स्फोट नाही, धूर नाही. नळी हातात घेऊन पाहिली, तर चीर दोन थरांच्या सांध्यातून गोल फिरली होती. जणू कोणी सुरीने काकडी कापावी. दुसरा तुकडा त्यांनी गरम पाण्याच्या भांड्यात धरला. ६० अंशांच्या आसपास तो मऊ पडून वाकला. मुले गप्प झाली. मग एक जण हळूच म्हणाला, ‘‘सर, यात हवा भरली असती तर?’’ उत्तर देण्याची गरज पडली नाही.

गौतमपुऱ्याहून परतताना आम्ही जे बोललो होतो, ते किती अपुरे होते, हे त्या दिवशी कळले. हाताने कोरले म्हणून हिंगोट निर्धोक होत नाही. पिढीजात हातांनी घडवलेल्या फळानेच तेथे जीव गेला. आणि यंत्राने बिनचूक छापली म्हणून नळीही निर्धोक होत नाही; यंत्र आकार देते, ताकदीची हमी देत नाही. पूर्वी बेढब वस्तू पाहून माणूस आपोआप सावध होई. आता वस्तू पहिल्याच दिवशी कारखान्यातून आल्यासारखी दिसते आणि सावधपणाला जागाच उरत नाही. या नव्या विद्येने घडवलेला मोठा बदल आम्हांला हा दिसतो. भानपुऱ्यास यशवंतराव होळकरांनी तोफा ओतण्याचा कारखाना काढला होता. तोफ ओतल्यावर ती आधी पारखून घ्यावी लागते, हे तोफखान्यात वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नसे. ते शहाणपण आता शाळेत शिकवावे लागेल.

तोफ रद्द झाली, पण मुलांचा उत्साह मावळला नाही. आम्ही त्यांना आमची रिफिलची बंदूक करून दाखवली. पन्नाशीतला मुख्याध्यापक बटाट्याचे बूच उडवतो आहे, हे पाहून सारी शाळा खिडक्यांशी जमली! आणि मग मुलांनी असे काही केले, जे आम्हांला लहानपणी कधीच जमले नसते. त्यांनी दोन्ही टोकांनी उघड्या, हाताने ढकलायच्या नळ्या छापल्या. पोकळी तीच, जाडी तीच, लांबी मात्र प्रत्येकीची वेगळी. नंतर लांबी तीच ठेवून पोकळी बदलली. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि बाकी सारे जसेच्या तसे ठेवावयाचे, हा प्रयोगाचा प्राण. आमच्या रिफिली कधी दोन सारख्या नसत. या यंत्राला मात्र एका मापाच्या दहा नळ्या मागा, ते दहा देईल. ज्या गुणाने देखणी नळी फसवी ठरली होती, तोच गुण येथे गुरू झाला. बूच किती पावलांवर पडले, याचा तक्ता फळ्यावर भरू लागला. शेजारच्या भाजीवाल्याने बारीक आणि हिरवट बटाटे आम्हांला फुकट दिले.

डिसेंबरात तो मुलगा शाळेत परत आला. काळा चष्मा लावून. उजव्या डोळ्याने त्याला अजून धूसर दिसते. पुढे किती उजळेल, हे डॉक्टर काळावर सोपवतात. तो प्रयोगशाळेत शिरताना दाराशी क्षणभर थबकला, हे आमच्या नजरेतून सुटले नाही. मुलांनी त्याच्या हाती मोजपट्टी आणि वही दिली. तेव्हापासून बूच उडवण्यापूर्वी सर्वांनी चष्मे लावले की नाही, हे तो पाहतो; तो ‘हो’ म्हणेपर्यंत कोणी हात हलवीत नाही. त्या छोट्या खेळाला एवढ्या कडक शिस्तीची गरज आहे काय, असे एका पालकांनी आम्हांला विचारले. आम्ही त्यांना म्हटले, सवय लहान खेळातच लागते.

मागल्या आठवड्यात सायंकाळी शाळा सुटल्यावर आम्ही तक्ते भरीत बसलो होतो. दाराशी तोच मुलगा. ‘‘सर, नळी एका लांबीपुढे गेली की बूच उलट जवळ पडू लागते. असे का होत असेल?’’

उत्तर आम्हांला येत नव्हते. मराठीचे एम. ए. येथे कामास येणारे नव्हते. आम्ही तक्ते मिटले, दुसरी खुर्ची ओढली आणि म्हणालो, ‘‘बैस. वही आण. आधी पाहू तरी.’’